दूध नको, टूथपेस्ट नको. आधी शाई कोणती ते सांग

आमच्या नात्यात कुणाच्याही पांढऱ्या कपड्यावर शाई उतरली की फोटो मला येतो. मी रसायनशास्त्राची प्रॅक्टिकलं घेते, पांढरा अॅप्रन हा माझा रोजचा वेश, आणि खिशात पेन ठेवायची सवय जुनी. त्यामुळे डागांची माहिती मलाच असणार, असं सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलंय. परवा भाच्याचा फोटो आला. शर्टाच्या खिशाखाली निळा थारोळा आणि खाली ओळ, "आत्या, हे कशाने जाईल?" मी विचारलं, "शाई कोणती?" उत्तर आलं, "निळी." पाठोपाठ दुसरा मेसेज, "दूध लावून ठेवलंय."

निळी हे उत्तर नव्हे. बॉलपेनची निळी, शाईच्या पेनाची निळी, जेल पेनची निळी आणि मार्करची निळी या चार वेगळ्या वस्तू आहेत. एकीला पाणी पुरतं, दुसरीला स्पिरिट लागतं, तिसरीला दोन्हींचं काही वाटत नाही. "शाईचा डाग कशाने जातो" या प्रश्नाला त्यामुळेच एक उत्तर नाही. आणि जो तो आपल्याकडे एकदा लागू पडलेला उपाय सगळ्या शायांना लावत सुटतो. माझ्याकडे येणारे खरोखर हट्टी डाग बहुतेक वेळा शाईने हट्टी झालेले नसतात. शाई पडल्यावर पहिल्या तासाभरात त्यांच्यावर जे जे ओतलं, चोळलं आणि तापवलं गेलं, त्याने ते तसे झालेले असतात.

दुधाचंच घ्या. दुधात साधारण ८७ टक्के पाणी असतं. शाईच्या पेनाचा ताजा डाग दुधात भिजवला तर तो फिका होतोच, पण ते काम पाण्याचं असतं आणि नाव दुधाचं होतं. बॉलपेनच्या डागाला दूध काहीही करत नाही. उलट त्यातलं केसिन हे प्रथिन कपड्यात मुरतं, गरम पाण्याने तिथेच घट्ट बसतं, आणि दोन दिवसांनी शर्टाला वास येतो तो वेगळाच. टूथपेस्टमध्ये दात घासण्यापुरती बारीक पूड असते, खडूची किंवा सिलिकाची. ती कापडावर घासली की शाईबरोबर धाग्याचा वरचा थरही खरवडला जातो. डाग फिका दिसतो खरा, पण तेवढी जागा कायमची खरखरीत होते आणि पुढे मळही तिथेच आधी धरतो. सासूबाईंचा दुधावर फार विश्वास आहे. त्यांच्याशी मी वाद घालत नाही, पण माझे अॅप्रन त्यांच्या हाती लागू देत नाही.

पेन कुठलं हे आठवत नसेल, किंवा कपडा धुवायला आल्यावरच डाग दिसला असेल, तर एक साधी चाचणी आहे. कान साफ करायच्या कापसाच्या दोन काड्या घ्यायच्या. एक साध्या पाण्यात बुडवायची, दुसरी स्पिरिटमध्ये. डागाच्या कडेला एका जागी पहिली आणि दुसऱ्या जागी दुसरी थोडा वेळ नुसती दाबून धरायची, घासायची नाही. पाण्याच्या काडीवर रंग उतरला तर शाई पाण्यात विरघळणारी, म्हणजे बहुधा शाईच्या पेनाची. फक्त स्पिरिटच्या काडीवर उतरला तर बॉलपेन, मार्कर नाहीतर तसलं काही. दोन्ही काड्या पांढऱ्याच राहिल्या तर जेल पेन किंवा लोखंडाची शाई (तिच्याबद्दल पुढे सांगते), आणि मग जरा बसून विचार करायचा. ही चाचणी होईपर्यंत कपड्याला गरम पाणी नाही, इस्त्री नाही, ड्रायर नाही.

माझ्याकडे येणारे बहुतेक डाग बॉलपेनचे असतात, म्हणून त्याच्याबद्दल सविस्तर सांगते. १९३८ साली ज्याने बॉलपेनचं पेटंट घेतलं तो लास्लो बिरो पत्रकार होता. छापखान्यातली शाई कागदावर पटकन वाळते, तशी पेनात का नको, हा त्याचा प्रश्न. पण पातळ शाई गोळीच्या कडेने गळते आणि घट्ट शाई नेहमीच्या निबातून उतरत नाही. त्याच्या भावाने, जो रसायनशास्त्र जाणणारा होता, शाईची बाजू सांभाळली. आजही बॉलपेनची शाई मधासारखी घट्ट असते. बेंझिल अल्कोहोल, फिनॉक्सिइथॅनॉल अशा जड, सावकाश उडणाऱ्या द्रावकांत रंग आणि राळ घोटलेली. पाण्याशी तिचं काही देणंघेणं नाही. म्हणून बॉलपेनचा डाग नळाखाली धरून साबण चोळणं म्हणजे डागाला फक्त इकडून तिकडे फिरवणं. तिला विरघळवतो तो अल्कोहोल. सर्जिकल स्पिरिट किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल, जितकं कमी पाण्याचं तितकं बरं.

एक सावधगिरी. काही स्पिरिटमध्ये ते कुणी पिऊ नये आणि ओळखू यावं म्हणून जांभळा किंवा निळा रंग घातलेला असतो. पांढऱ्या कपड्याला ते लावू नका. बाटली उजेडात धरून बघा, पाण्यासारखं स्वच्छ हवं.

आता पद्धत. लोक इथेच चुकतात. स्पिरिट डागावर वरून ओतायचं नाही. खाली जुन्या पांढऱ्या सुती कापडाची किंवा टिपकागदाची चांगली जाड घडी ठेवायची. त्यावर कपडा उलटा घालायचा, म्हणजे डागाची शाईची बाजू खाली, घडीला टेकलेली. मग मागच्या बाजूने, डागाच्या बाहेरच्या कडेपासून आत येत, कापसाच्या बोळ्याने स्पिरिट टिपत जायचं. शाई विरघळते आणि खालच्या घडीत शोषली जाते. ज्या वाटेने आली त्याच वाटेने परत जाते, सगळं कापड ओलांडून पलीकडे जात नाही. खालची घडी रंगली की तिची कोरी जागा डागाखाली सरकवायची. हे सरकवणंच सगळ्यात महत्त्वाचं, आणि त्याचाच सगळ्यांना कंटाळा येतो. एकाच रंगलेल्या घडीवर टिपत राहिलात तर शाई खाली जाते आणि पुन्हा वर येते. बोळाही बदलायचा. चोळायचं अजिबात नाही. घाईने भरपूर स्पिरिट ओतलं तर डाग पसरत जातो आणि जिथे थांबतो तिथे गडद कड धरून बसतो.

ती कड मात्र मला आवडते, शर्टाच्या मालकाला आवडत नसली तरी. आमच्या प्रयोगशाळेत क्रोमॅटोग्राफी शिकवताना गाळणकागदावर हेच करतात. शाईचा ठिपका, खालून चढणारं द्रावक, आणि एका निळ्या ठिपक्यातून निघालेले दोन-तीन पट्टे. निळ्या बॉलपेनमध्ये पुष्कळदा क्रिस्टल व्हायोलेट हा जांभळा रंग असतो आणि त्याच्या जोडीला दुसरे निळे रंग. स्पिरिटने टिपताना निळा भराभर निघतो आणि शेवटी जांभळट सावली उरते. तेव्हा फोन येतो, "आत्या, डाग गेला पण आता जांभळा डाग पडला." नवा पडलेला नाही, आत होताच. त्या सावलीला पुन्हा स्पिरिट, मग भांडी घासायच्या द्रव साबणाचा थेंब बोटाने हलकेच जिरवायचा, कोमट पाण्याने विसळायचं. तरी फिकट छटा राहिलीच तर कपडा ओलाच उन्हात टाकायचा. क्रिस्टल व्हायोलेट उजेडात टिकत नाही, त्याच्या बाबतीत ऊन हे फार गुणी औषध आहे. वर इस्त्री नको म्हटलं आणि इथे ऊन चालेल म्हणते, यात विसंगती नाही. इस्त्रीची उष्णता शाईतली राळ मऊ करून धाग्यात खोल बसवते, उन्हातला उजेड रंगाचा रेणू मोडतो.

सॅनिटायझर चालतो. त्यात ६० टक्क्यांच्या वर अल्कोहोल असतो आणि जेलसारखा असल्यामुळे जागच्या जागी राहतो, वाहत नाही. पण तो घट्ट करणारा पदार्थ नंतर नीट धुऊन काढायचा. केसांच्या स्प्रेचा उपाय अजून सांगितला जातो. जुन्या स्प्रेमध्ये अल्कोहोल भरपूर असायचा, काम तोच करायचा. केस बसवणारी चिकट राळ मात्र कपड्यावर फुकटात येते. साधं स्पिरिट हाताशी असताना मी तरी ते करणार नाही. नेलपेंट काढायचं अॅसिटोनही शाई विरघळवतं, पण अॅसिटेट नावाचं कापड असतं, सॅटिनसारखं चमकतं, कोटांच्या अस्तरात असतं, तेही त्यात विरघळतं. डाग जातो आणि जिथे डाग होता तिथे भोक राहतं. कुठलंही द्रावक आधी आतल्या शिवणीवर लावून बघावं हे त्यासाठीच. आणि हे सगळं खिडकी उघडून, गॅस बंद असताना.

शाईच्या पेनाची शाई ही वेगळीच गोष्ट. ती पाण्यातली, म्हणून ताज्या डागाला पहिला उपाय नळाची धार, थंड, मागच्या बाजूने, रंग उतरायचा थांबेपर्यंत. स्पिरिट इथे फारसं उपयोगाचं नाही. शाळेतल्या मुलांसाठी म्हणून जी 'वॉशेबल' निळी शाई मिळते, तिच्यातला रंग अल्कलीत रंगहीन होतो. कपडे धुवायची पावडर अल्कलीच असते, त्यामुळे साध्या धुण्यातही ती बरीच जाते. कागदावरची शाई पुसायचं जे पांढरं पेन मिळतं त्यातलं सल्फाइट याच रंगाच्या रेणूला धरून त्याची रचना मोडतं. शाई कागदावरच असते, फक्त दिसत नाही. कपड्यावर ते पेन वापरलंत तर डाग दिसेनासा झाला म्हणून थांबू नका, लगेच धुवा.

पण निळी-काळी शाई, जी लिहिताना निळी असते आणि दोन दिवसांत काळी पडते, तिच्यात लोखंड असण्याची शक्यता असते. हिराकस, म्हणजे लोखंडाचा क्षार, आणि मायफळातलं टॅनिन हे तुरट द्रव्य यांची ही शाई शेकडो वर्षांची जुनी. लिहिताना लोखंड एका रूपात असतं, हवेतला ऑक्सिजन घेत दुसऱ्या रूपात जातं आणि टॅनिनबरोबर काळं, पाण्यात न विरघळणारं संयुग कागदाच्या आत तयार होतं. जुने दस्तऐवज अजून वाचता येतात ते याच गुणामुळे, आणि शर्टावर हाच गुण नडतो. रंग बाहेरून बसलेला नाही, धाग्यात तयार झालाय. त्यामुळे ताजा असतानाच भरपूर पाणी मारलं तर बराचसा जातो. चार दिवसांनी नाही.

आणि इथे ब्लीचने जो घोळ होतो तो मी अनेकांच्या कपड्यांवर पाहिलाय. पांढरा कपडा, काळा डाग, म्हणून हायपोक्लोराइट ओतलं. काळा रंग डोळ्यांदेखत उडतो, सगळे खूश. मग तिथे पिवळट तपकिरी डाग उगवतो. ब्लीचने सेंद्रिय भाग जाळला, लोखंड जागेवर राहिलं, आणि आता जे दिसतंय तो सरळ गंज आहे. त्यावर आणखी ब्लीच टाकाल तितका तो पक्का होतो. गंजावर उपाय आम्लाचा आहे. ऑक्झॅलिक आम्ल, अर्धा लिटर कोमट पाण्यात एक छोटा चमचा. ते लोखंडाला धरून पाण्यात नेतं. विषारी आहे, हातमोजे घालून, मुलांपासून दूर. डागावर काही मिनिटं, मग वाहत्या पाण्यात अगदी मन भरेपर्यंत विसळायचं, कारण आम्ल सुती धाग्यात वाळलं तर धागा कुजवतं. लिंबू आणि मीठ हेच काम करतं, फक्त सावकाश. आजीबाईच्या बटव्यातला हा एक उपाय मात्र मी डोळे मिटून मान्य करते, पण याच शाईपुरता.

ब्लीच वापरलेल्या कपड्यावर आम्ल लावण्याआधी ब्लीच पूर्ण धुऊन काढा. हे वाक्य पुन्हा वाचा. ब्लीच आणि आम्ल एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. अमोनियाबरोबर क्लोरामाइन होतं. स्पिरिट किंवा अॅसिटोनबरोबर क्लोरोफॉर्मच्या जातीचे पदार्थ तयार होतात. एक उपाय लागू पडला नाही म्हणून त्यावरच दुसरा ओतायचा, ही सवय डागांपेक्षा फार घातक आहे.

ब्लीचबद्दल माझा एकूणच आकस आहे असं घरात म्हणतात. असेल. १७७४ मध्ये शेले या रसायनशास्त्रज्ञाने क्लोरीन वेगळा केला आणि दहा-बारा वर्षांनी बर्थोले या दुसऱ्या रसायनशास्त्रज्ञाने त्याचा कापड पांढरं करायला उपयोग दाखवला. त्याआधी लिननचे तागे आठवडेच्या आठवडे गवतावर उन्हात पसरून ठेवावे लागत. तेव्हा उपकार मोठे आहेत. पण वर्गात मी लोकरीचा एक धागा ब्लीचमध्ये टाकून ठेवते, आणि तास संपवून मुलं परत बघायला येतात तेव्हा तो विरघळून चाललेला असतो. लोकर आणि रेशीम प्रथिनं आहेत, त्यांना क्लोरीनचं ब्लीच खाऊन टाकतं. स्ट्रेच होणाऱ्या कपड्यातला स्पॅन्डेक्स पिवळा पडतो. सुरकुत्या न पडणाऱ्या शर्टांवर जी राळेची प्रक्रिया असते, तीही क्लोरीन धरून ठेवते आणि पिवळी होते. उरलं साधं सुती कापड. तिथेही मी आधी ऑक्सिजनचं ब्लीच, म्हणजे सोडियम परकार्बोनेट घेते. ते पाण्यात धुण्याचा सोडा आणि हायड्रोजन पेरॉक्साइड देतं. थंड पाण्यात सुस्त असतं, ४० अंशांच्या वर जागं होतं. म्हणून ते शेवटी, शाईचा मुख्य भाग टिपून काढल्यावर. आधीच गरम पाण्यात टाकलंत तर वर सांगितलेलं सगळं पाण्यात.

शिवाय पांढरं कापड तितकं पांढरं नसतंच. त्याला आणि धुण्याच्या पावडरीला चकाकी देणारे पदार्थ असतात, ते डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण घेऊन निळसर उजेड परत टाकतात. क्लोरीनचं ब्लीच एकाच जागी लावलं की तिथली चकाकी मरते. घरी ट्यूबलाइटखाली शर्ट ठीक दिसतो आणि बाहेर उन्हात खिशाखाली एक पिवळट चौकोन. नोटा तपासायचा अतिनील टॉर्च असेल तर मारून बघा, सगळा शर्ट निळा उजळतो आणि तेवढी जागा काळी राहते. यावर उपाय डागाला ब्लीच देण्याचा नाही, सगळा कपडा एकत्र भिजवण्याचा आहे.

पर्मनंट मार्करला बॉलपेनचीच पद्धत, फक्त धीर जास्त लागतो. स्टॅम्प पॅडची शाईही साधारण स्पिरिटलाच वश होते. फळ्यावरच्या मार्करचं गंमतशीर आहे. गुळगुळीत फळ्यावरून ती बोटाने पुसली जाते म्हणून लोकांना वाटतं कपड्यावरूनही जाईल. कपड्याला गुळगुळीत पृष्ठभाग कुठे असतो?

खोडता येणाऱ्या जेल पेनने तर माझ्या बहिणीला चक्क फसवलं. तिने डागावरून इस्त्री फिरवली आणि डाग गायब. तिने मला विजयाचा मेसेज केला. ती शाई साधारण ६० अंशांच्या वर रंगहीन होते. खोडायचं रबर नुसतं घासून तेवढी उष्णता देतं. पण शून्याखाली दहा-वीस अंश गेलं की रंग परत येतो. मी तिला म्हटलं, शर्ट फ्रीझरमध्ये ठेवून बघ. तिने ठेवला. पुढचे दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

आणि काळं जेल पेन. त्यात बहुतेक वेळा विरघळलेला रंग नसतो, पाण्यात तरंगणारे रंगकण असतात, काळ्यात म्हणजे काजळीचा कार्बन. कार्बनला स्पिरिट विरघळवत नाही, ब्लीच त्याला हात लावू शकत नाही, ऊन, आम्ल, सोडा कुणीही नाही. ताजं असताना द्रव साबण लावून, मऊ ब्रशने मागून ठोकत कण बाहेर धुऊन काढायचे, तेवढंच. साबण कणांना सोडवतो, पाणी वाहून नेतं. वाळून बसले, त्यातून एकदा धुऊन इस्त्री झाली, की कण धाग्यांच्या फटींत अडकलेले राहतात. तो शर्ट पांढरा म्हणून संपला, हे मी फोनवर स्पष्ट सांगते. लोकांना माझ्याकडून चमत्कार हवा असतो, त्यांना वाईट वाटतं.

पण सुती असेल तर तो गडद निळा रंगवता येतो. सुती कापडाचे रिअॅक्टिव्ह रंग मिळतात, मीठ आणि धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात ते धाग्याशी रासायनिकरीत्या जोडले जातात, त्यामुळे नंतर धुताना उतरत नाहीत. डाग त्याखाली दिसत नाही. फक्त आधी शिवण बघा. बहुतेक तयार शर्टांचा शिवायचा दोरा पॉलिएस्टरचा असतो आणि या रंगाला तो दाद देत नाही. शर्ट निळा होतो आणि कॉलर, खिसा, बाह्या सगळीकडे पांढरी टीप उठून दिसते. भाच्याच्या शर्टाचं तसंच झालं. ते बॉलपेन नव्हतंच, काळ्यावर निळी छटा असलेलं जेल होतं, आणि वर दूध. त्याला ती पांढरी टीप आवडलीय, मुद्दाम घातल्यासारखी वाटते म्हणतो.